‘अंतर्गत दोष निर्माण झाला आहे’ : एका निरोपाची चिकित्सा

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, पाठ्यपुस्तकातील धड्यांचीही होते. संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या निरोपांची समीक्षा करावी असे मात्र सहसा कोणाला वाटत नाही. खरे तर निरोप हेही लेखनच आहे. ते कोणीतरी लिहिलेले असते, असंख्य माणसे ते वाचतात आणि वाचून काही ना काही करतात. तेव्हा या लेखनातून वाचणाऱ्याला काय कळले, काय कळायला हवे होते आणि ते वाचून तो शहाणा झाला की अधिक गोंधळला, हे प्रश्न येथेही विचारायला हवेत.

या लेखासाठी आम्ही एकच निरोप निवडला आहे. लिनक्स या मुक्त प्रणालीची ‘उबुंटू’ ही आवृत्ती पुष्कळ घरांत, महाविद्यालयांत व प्रयोगशाळांत वापरली जाते. तिच्यावर काम करताना मध्येच एक छोटी खिडकी उघडते. तिच्यातील इंग्रजी मजकुराचा आशय असा : ‘क्षमस्व, उबुंटूमध्ये अंतर्गत दोष निर्माण झाला आहे. आणखी अडचणी जाणवल्यास संगणक पुन्हा सुरू करून पाहा.’ खाली एक चौकोन असतो. दोष दुरुस्त व्हावा म्हणून अहवाल पाठवायचा असेल तर तेथे खूण करायची. कधी याहून त्रोटक खिडकी येते : ‘प्रणालीच्या एका प्रोग्रॅममध्ये अडचण आढळली आहे. ती आता कळवायची का?’ २०१२ साली आलेल्या १२.०४ या आवृत्तीपासून हा प्रकार उबुंटूच्या वापरकर्त्यांच्या चांगलाच परिचयाचा आहे. ही खिडकी दाखवणाऱ्या यंत्रणेचे नाव ‘ॲपोर्ट’.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. बिघाड का झाला हे शोधण्यासाठी लागणारा जवळजवळ सगळा पुरावा संगणकाने जपून ठेवलेला असतो. निरोप मात्र त्यातले काहीच सांगत नाही. त्यामुळे वापरकर्ता पुरावा वाचण्याऐवजी तो पुसून टाकायला शिकतो. ज्यांना मुलांना कार्यकारणभाव शिकवायचा आहे, त्यांनी ही गोष्ट किरकोळ मानू नये.

पडद्यामागचे कामकरी

बंद पडले ते काय, हे आधी समजून घेऊ. संगणकावर आपण मजकूर लिहितो, चित्र पाहतो, तेव्हा त्या प्रोग्रॅमची खिडकी समोर दिसते. त्याच वेळी न दिसणारे अनेक प्रोग्रॅम मागे चालू असतात. एक छपाईची रांग सांभाळतो, दुसरा जाळ्याशी असलेली जोडणी पाहतो, तिसरा घड्याळ जुळवतो, चौथा आपल्या फाइली वाचून त्यांची शोधसूची तयार करतो. नाटक चालू असताना विंगेत वावरणाऱ्या माणसांसारखे हे कामकरी असतात. त्यांचे काम चोख असेल तर प्रेक्षकांना त्यांचा पत्ताही लागत नाही.

अशा प्रोग्रॅमला संगणकशास्त्रात ‘डीमन’ म्हणतात. या नावामागे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल अशी हकिकत आहे. १८६७ साली मॅक्सवेलने एका काल्पनिक चिमुकल्या जीवाची कल्पना मांडली. दोन कप्प्यांमधल्या दारावर बसून तो वेगवान व मंद रेणू निवडून वेगळे करतो. पुढे त्याला ‘मॅक्सवेलचा डीमन’ असे नाव मिळाले. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने पडद्यामागे अथक राबणाऱ्या प्रोग्रॅमना तेच नाव दिले. आजही लिनक्समधील अशा अनेक प्रोग्रॅमच्या नावाच्या शेवटी ‘डी’ हे अक्षर आढळते, ते या डीमनचे.

आता त्या निरोपातील एक बारकावा पाहा. समोर खिडकी असलेला प्रोग्रॅम कोसळला तर ॲपोर्ट त्याचे नाव घेऊन सांगतो की, अमुक प्रोग्रॅम अनपेक्षितपणे बंद झाला. पडद्यामागचा कामकरी कोसळला तर मात्र नाव गळते आणि ‘उबुंटूमध्ये अंतर्गत दोष’ एवढेच उरते. म्हणजे ज्याच्याविषयी वापरकर्त्याला आधीच काही ठाऊक नाही, नेमकी त्याच्याविषयीच माहिती गाळली जाते! ‘तपशील दाखवा’ असे बटण तेथे असते आणि ते दाबल्यावर प्रोग्रॅमचे नाव सापडते, हे आम्ही मान्य करतो. पण ते नाव ढीगभर तांत्रिक मजकुरात दडलेले असते. पत्राचा मायना पाकिटावर आणि मुख्य मजकूर तळघरात ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

मरणे एक, कारणे अनेक

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘अंतर्गत दोष’ या एका शब्दप्रयोगाखाली परस्परांहून अगदी भिन्न अशा घटना येतात. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, एखाद्या प्रोग्रॅमला थांबवताना त्याला एक इशारा देतो. प्रत्येक इशाऱ्याला क्रमांक असतो. त्यातले चार आपल्या कामाचे आहेत.

इशारा ११ चा अर्थ, प्रोग्रॅमने स्वतःच्या वाट्याला न आलेल्या स्मृतीला हात लावला. दुसऱ्याच्या दप्तरात हात घालणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढावे तसे कर्नेल त्याला बाहेर काढते. इशारा ६ चा अर्थ, आपल्या हिशेबात विसंगती आहे हे प्रोग्रॅमच्या स्वतःच्याच लक्षात आले आणि पुढे चुकीचे काम करण्यापेक्षा त्याने थांबणे पसंत केले. इशारा ३१ चा अर्थ, प्रोग्रॅमने कर्नेलकडे अशी मागणी केली की जी करण्यास त्याला मनाई होती. इशारा ९ हा निव्वळ हुकूम असतो. तो मिळाला की प्रोग्रॅमला शेवटचा शब्दही बोलता येत नाही. संगणकातील स्मृती संपत आली की कर्नेल सर्व प्रोग्रॅमचा हिशेब घेते आणि मुख्यतः जास्तीत जास्त स्मृती अडवून बसलेल्याला याच इशाऱ्याने संपवते.

पहिल्या प्रकारात बहुधा प्रोग्रॅममध्ये चूक असते. दुसऱ्यात प्रोग्रॅम सावध असतो, पण त्याला मिळालेली माहिती बिघडलेली असू शकते. तिसऱ्यात सुरक्षेचे कुंपण काम करत असते. चौथ्यात प्रोग्रॅम निर्दोष असूनही बळी गेलेला असू शकतो. उपायही वेगवेगळे आहेत. ताप, जुलाब आणि हाडाची मोड या तिन्हींना ‘प्रकृती बिघडली’ म्हणणारा वैद्य खोटे बोलत नाही, पण उपयोगाचेही काही बोलत नाही. तसाच हा निरोप आहे.

इशारा ९ ची गंमत आणखी निराळी आहे. त्यात प्रोग्रॅमच्या स्मृतीची प्रत घेतली जात नाही, त्यामुळे ॲपोर्टची खिडकी येतच नाही. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीत स्मृतीच्या टंचाईवर आधीच लक्ष ठेवून प्रोग्रॅम थांबवणारा ‘सिस्टिमडी-ऊमडी’ हा डीमन मुळातच चालू ठेवलेला होता. त्यानंतर अनेकांनी तक्रार केली की, काम करता करता ब्राउझर अचानक नाहीसा होतो आणि का ते कळत नाही. ज्याने तो थांबवला तो डीमन व्यवस्थित काम करत होता. नोंदवहीत कारणही लिहिलेले होते. फक्त ज्या माणसाचे काम गेले त्याला ते कोणी सांगितले नाही.

पुरावा कोठे असतो?

संगणक एक नोंदवही चालवतो. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने ती वाचता येते. कोणता प्रोग्रॅम केव्हा सुरू झाला, केव्हा व कोणत्या इशाऱ्याने बंद पडला हे तीत वेळेसह असते. शिवाय कोसळणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्मृतीची, ज्या क्षणी तो कोसळला त्या क्षणाची, एक प्रत ठेवता येते. तिला ‘कोअर’ म्हणतात. १९५० नंतरच्या संगणकांत स्मृती म्हणून फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्या वापरत. त्यांना ‘कोअर’ म्हणत. त्या कड्या गेल्या, नाव राहिले. फेडोरासारख्या आवृत्तीत ‘कोअरडंपसीटीएल’ ही आज्ञा अशा सर्व प्रतींची यादी देते. उबुंटूमध्ये त्या ‘व्हार’ या विभागातील ‘क्रॅश’ नावाच्या फोल्डरमध्ये जमा होतात.

येथेच गोष्ट बिघडते. या फोल्डरमध्ये जुना अहवाल पडून राहिला तर खिडकी पुन्हा पुन्हा येऊ शकते. मूळ बिघाड एकदाच झाला असला तरी संगणक सुरू केला की ती हजर! वैतागलेला माणूस कोणा जाणकाराला विचारतो. त्याला नेहमीचा सल्ला मिळतो : त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली पुसून टाका. तरीही त्रास थांबला नाही तर ॲपोर्टच कायमचा बंद करा. दोन्ही उपायांनी खिडकी येणे थांबते, यात शंका नाही. मीटरपेटीतला फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घातली की फ्यूज जाणेही थांबतेच. वायरिंगमध्ये काय चालले आहे हा प्रश्न तसाच राहतो.

आणखी एका सोयीने हा प्रश्न झाकला जातो. पडद्यामागचा कामकरी कोसळला तर त्याला आपोआप पुन्हा उभे करण्याची व्यवस्था बऱ्याच सेवांसाठी केलेली असते. नेहमीच्या मांडणीत, दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करूनही तो टिकला नाही तर प्रणाली नाद सोडते. यापेक्षा सावकाश, समजा दर तासाला एकदा कोसळणारा कामकरी, मात्र महिनोन् महिने मरत व उठत राहू शकतो. त्याचा पत्ता फक्त नोंदवहीला असतो.

शोध कसा घ्यावा?

एक नमुना घेऊ. ‘ग्नोम’ या लोकप्रिय डेस्कटॉपमध्ये फाइलींची शोधसूची करणारी ‘ट्रॅकर’ ही जोडगोळी आहे. २०२४ पासून तिचे नाव ‘लोकलसर्च’ झाले. एक कामकरी फोल्डर धुंडाळतो. दुसरा प्रत्येक फाइल उघडून तिच्यातील शीर्षक, लेखक, चित्राचे मोजमाप, गाण्याची लांबी अशी माहिती काढतो. हा दुसरा कामकरी वारंवार कोसळतो आहे असे समजा.

पहिली पायरी निरीक्षणाची. नोंदवहीतून तीन गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात : केव्हा, कोण, कोणत्या इशाऱ्याने. निदान पाच-सहा घटनांची नोंद झाल्याखेरीज मत बनवू नये. एका वाचनावरून आलेख काढू नये असे आपण मुलांना सांगतोच.

दुसरी पायरी तुलनेची. प्रत्येक कोअरमधून प्रोग्रॅम कोसळताना कोणत्या कार्यात होता, त्याला कोणी बोलावले होते, त्या बोलावणाऱ्याला कोणी, अशी साखळी मिळते. दर वेळी साखळीचे शेवटचे टोक एकच असेल तर संशय प्रोग्रॅमवर किंवा त्याच्या पुढ्यात आलेल्या फाइलीवर जातो. टोक दर वेळी वेगळे असेल, आणि एकमेकांशी संबंध नसलेले इतर प्रोग्रॅमही कोसळत असतील, तर संशय स्मृतीच्या पट्टीवर किंवा वीजपुरवठ्यावर जातो. मग प्रोग्रॅम पुन्हा बसवण्यात वेळ घालवण्यापेक्षा स्मृतीची चाचणी घ्यावी.

तिसरी पायरी नियंत्रित प्रयोगाची. त्याच संगणकावर नवा वापरकर्ता तयार करावा. त्याच्या खात्यातही तोच कामकरी कोसळतो का? नसेल कोसळत, तर प्रोग्रॅम व यंत्र दोन्ही समान असल्याने कारण जुन्या खात्यातील फाइलींत किंवा मांडणीत असण्याची शक्यता वाढते. एकच घटक बदलायचा आणि बाकीचे स्थिर ठेवायचे, हा लंबकाच्या प्रयोगातला नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो.

चौथी पायरी निम्मे करण्याची. समजा १०२४ फाइलींपैकी एकीत खोट आहे. एकेक तपासली तर हजार खेपा पडू शकतात. त्याऐवजी निम्म्या फाइली शोधसूचीच्या कक्षेबाहेर, उदाहरणार्थ पेन ड्राइव्हवर, हलवाव्यात आणि पाहावे. कामकरी अजून कोसळतो? मग खोट उरलेल्या ५१२ मध्ये आहे. कोसळत नाही? मग ती हलवलेल्यांत आहे. पुन्हा निम्म्या. दहा खेपांत एक फाइल हाती लागते, कारण दोनाचा दहावा घात १०२४. खोटीच्या फाइली एकाहून अधिक असू शकतात, म्हणून दोन्ही निम्मे भाग तपासण्याची खबरदारी घ्यावी. घातांकाच्या धड्याला याहून जिवंत उदाहरण आम्हाला सुचत नाही.

या चारही पायऱ्यांत संगणकाचे विशेष ज्ञान फारसे लागले नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. लागली ती वही, सबुरी आणि पुरावा न पुसण्याची शिस्त.

एका चुकलेल्या तुलनेची गोष्ट

‘कोसळतो तर कोसळू दे, माझे काम तर चालले आहे ना?’ असे कोणी विचारील. याचे उत्तर ऑक्टोबर २०२३ मधील एका घटनेत आहे.

ट्रॅकरचा हा फाइल-वाचक संगीताच्या तबकड्यांचे वर्णन करणाऱ्या ‘क्यू’ प्रकारच्या फाइलीही वाचतो. त्यासाठी तो ‘लिबक्यू’ नावाच्या एका छोट्या कार्यसंग्रहाची मदत घेत होता. त्या फाइलीत प्रत्येक गाण्याच्या खुणांना क्रमांक असतात. त्या साठवण्यासाठी प्रोग्रॅमने ० ते ९९ क्रमांकांचे कप्पे केले होते. आलेला क्रमांक ९९ पेक्षा मोठा आहे का, हे तो तपासत असे. शून्यापेक्षा लहान आहे का, हे तपासायचे राहून गेले होते.

कप्प्याचा क्रमांक ऋण कसा होईल? येथे अंकगणित आडवे येते. प्रोग्रॅम हा क्रमांक ३२ बिटांत ठेवत होता. ३२ बिटांत ४२९४९६७२९६ निरनिराळ्या संख्या मावतात, आणि तेथे पोचल्यावर मोजणी पुन्हा शून्यावर येते. स्कूटरच्या अंतरमापकात ९९९९९ नंतर ००००० येते तसे. उलट पाहिले तर शून्यावरून चार घरे मागे गेलेला मापक ९९९९६ दाखवील. म्हणजे ९९९९६ हे ‘उणे चार’ असेही वाचता येते. त्याच न्यायाने कोणी फाइलीत ४२९४५६७२९६ हा क्रमांक लिहिला, तर तो पूर्ण फेरीला ४००००० ने कमी असल्याने प्रोग्रॅम तो ‘उणे चार लाख’ असा वाचतो. उणे चार लाख ही संख्या ९९ पेक्षा मोठी नाही. तपासणी पार! मग प्रोग्रॅम कप्प्यांच्या कितीतरी मागे, भलत्याच जागी जाऊन लिहितो.

गिटहबच्या सुरक्षा-प्रयोगशाळेतील केव्हिन बॅकहाउस यांनी हा दोष शोधला. त्यांनी दाखवले की अशी फाइल उतरवून घेतली की पुरे. ती ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये पडते, शोधसूचीचा कामकरी कर्तव्यदक्षपणे ती लगेच उघडतो, आणि फाइल बनवणाऱ्याला त्या संगणकावर आपल्या इच्छेची आज्ञा चालवता येते. वापरकर्त्याने ती फाइल स्वतः उघडण्याचीही गरज नाही. फाइल-वाचकाभोवती मनाईचे कुंपण होते, पण त्यातही फट निघाली. तीही पुढे बुजवण्यात आली. लिबक्यूचा दोष २.३.० या आवृत्तीत दूर झाला.

दोष जाहीर करताना बॅकहाउस यांनी लोकांना आपापला संगणक तपासता यावा म्हणून एक निरुपद्रवी नमुना दिला होता. त्याचा परिणाम काय? पडद्यामागचा कामकरी कोसळतो, एवढाच! म्हणजे जे दार उघडे असल्याचे सर्वांत साधे बाह्य लक्षण होते, ते नेमके ‘अंतर्गत दोष’ या सदरात जमा होणारे, दुर्लक्ष करण्याजोगे वाटणारे लक्षण होते. इशारा ११ ने होणारे सगळेच कोसळणे असे धोक्याचे नसते. बहुतेक वेळा ती साधी चूक असते. पण साधी कोणती आणि धोक्याची कोणती हे पुरावा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आणि पुरावा पुसण्याची सवय ज्याला लावली गेली, त्याला हा प्रश्नही पडत नाही.

दुसरी बाजू

समीक्षकाने दुसरी बाजू मांडली नाही तर ती निंदा ठरते. तेव्हा ॲपोर्टच्या आणि लिनक्सच्या बाजूने तीन गोष्टी सांगायला हव्यात.

एक, फाइल धुंडाळणारा व फाइल वाचणारा असे दोन कामकरी वेगळे ठेवणे, ही चांगल्या रचनेची खूण आहे. अनोळखी फाइल वाचणे हे जोखमीचे काम आहे. ते करणारा कोसळला तरी दुसरा उभा राहतो. येथे कोसळणे गृहीत धरूनच बांधणी केली आहे.

दोन, कोअरमध्ये प्रोग्रॅमच्या स्मृतीतील सर्व काही असते. त्यात अर्धवट लिहिलेले पत्र, मुलांचे गुण, एखादा परवलीचा शब्दही असू शकतो. म्हणून अहवाल पाठवण्यापूर्वी परवानगी विचारणे योग्यच आहे. उबुंटूकडे दोष म्हणून नोंदवलेले असे अहवाल प्रथम खाजगी ठेवले जातात, तेही योग्य. शिक्षकांनी कोणालाही कोअरची फाइल देताना हे ध्यानात ठेवावे.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, या प्रणालीत नोंदवही वाचण्यापासून मूळ प्रोग्रॅमची ओळन् ओळ पाहण्यापर्यंत कोठेही कुलूप नाही. लिबक्यूमधील चुकलेली तुलना बारावीचा विद्यार्थीही वाचू शकतो.

हे सर्व मान्य करूनच आमचा आक्षेप उभा आहे. सामान्य माणसाला तपशील नको असतो, म्हणून निरोप मोघम ठेवला, असे समर्थन केले जाते. पण मोघम आणि सोपे यांत फरक आहे. सोपे लिहायला विषय समजावा लागतो, तर मोघम लिहायला काहीच लागत नाही. नीट पाहिले तर हा निरोप वापरकर्त्याला उद्देशून असला तरी त्याच्यासाठी नाही. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना अहवाल मिळावा यासाठी आहे. अहवाल मिळणे चांगलेच. त्यांतून पुष्कळ दोष दूर होतात. पण ज्याच्याकडून साक्ष घ्यायची त्याला खटला कशाचा आहे हेही सांगू नये, हे बरे नव्हे.

मग निरोप कसा असावा? आमचा मसुदा असा : ‘तुमच्या फाइलींची शोधसूची करणारा ट्रॅकर हा प्रोग्रॅम आज सकाळी १०.४२ वाजता बंद पडला. कारण, स्वतःची नसलेली स्मृती हाताळण्याचा प्रयत्न. या आठवड्यातील ही चौथी वेळ आहे. घटनेची नोंद अमुक ठिकाणी ठेवली आहे.’ चार वाक्ये झाली. यातले प्रत्येक वाक्य ज्यावरून लिहिता येईल ती माहिती संगणकाच्या नोंदींतून मिळण्यासारखी आहे. नवे काही शोधायचे नाही. फक्त वाचणारा माणूस विचार करू शकतो यावर विश्वास ठेवायचा आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

केरळमधील सरकारी शाळांत संगणकाचे शिक्षण अशाच मुक्त प्रणालीवर दिले जाते. आपल्याकडेही ज्या शाळेत लिनक्स असलेला एखादा संगणक असेल, तेथे पुढील प्रयोग एका तासिकेत होतो. ‘स्लीप’ हा प्रोग्रॅम ठरावीक सेकंद नुसता थांबून राहतो, दुसरे काही करत नाही. एका टर्मिनलमध्ये तो हजार सेकंदांसाठी सुरू करावा. दुसऱ्या टर्मिनलमधून ‘किल’ या आज्ञेने त्याला ११ क्रमांकाचा इशारा पाठवावा. मग पहिल्या टर्मिनलला शेवटच्या प्रोग्रॅमचा परतीचा क्रमांक विचारावा. उत्तर येईल १३९. हाच प्रयोग ६ आणि ९ या इशाऱ्यांनी करावा. उत्तरे येतील १३४ आणि १३७. यातून नियम मुलांनीच शोधावा. प्रत्येक उत्तरातून इशाऱ्याचा क्रमांक वजा केला की १२८ उरतात, हे त्यांना लवकरच दिसेल. मग विचारावे की, ३१ क्रमांकाच्या इशाऱ्याने कोणता आकडा येईल? आधी भाकीत फळ्यावर लिहावे, मग करून पाहावे.

त्यानंतर नोंदवही उघडून मागच्या आठवड्यात आपल्या संगणकातील कोण कोण, केव्हा आणि कशाने कोसळले याची यादी मुलांकडून करून घ्यावी. ती बहुधा रिकामी निघणार नाही. ‘क्रॅश’ फोल्डर पुसून टाका असा सल्ला पुढच्या वेळी कोणी दिला, तर पुसण्यापूर्वी निदान त्या फाइलींची नावे वहीत उतरवून घ्यायची सवय एवढ्याने मुलांना लागली, तरी तासिका सत्कारणी लागली असे समजावे.